थरार कोणासाठी? लोकलमधील कसरती आणि बघ्यांचा वाटा

प्रतिनिधी, मुंबई

धावत्या लोकलच्या दाराचा दांडा धरून फलाटावर पाय घासत जाणाऱ्या एका तरुणाची चित्रफीत जुलै २०२४ मध्ये सर्वत्र पसरली. रेल्वे सुरक्षा दलाचे जवान शोध घेत त्याच्या घरी पोहोचले, तेव्हा समोर आला तो एक हात आणि एक पाय गमावलेला तरुण. चित्रफीत मार्चमधील होती. एप्रिलमध्ये पुन्हा तशीच कसरत करताना तो जायबंदी झाला होता.

अशा प्रसंगी ‘अॅड्रेनालिनचे व्यसन’ असे म्हणून विषय संपवला जातो. हे निदान अपुरे आहे. भीतीच्या क्षणी मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून अॅड्रेनालिन स्रवते, हृदयाची धडधड वाढते, स्नायूंना बळ मिळते. मात्र, रक्तातील हे संप्रेरक मेंदूत फारसे शिरत नाही. ‘पुन्हा एकदा’ ही ओढ निर्माण होते ती मेंदूतील डोपामिनशी निगडित यंत्रणेतून. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये जुगाराच्या नादाला व्यसनविकारांच्या यादीत स्थान दिले; थराराच्या ओढीला त्या यादीत जागा नाही. मानसशास्त्रज्ञ मार्विन झुकरमन यांनी १९६० च्या दशकापासून या ओढीचा अभ्यास केला. त्यांच्या मते हा मुळात स्वभावाचा भाग असून, तो कोणात कमी तर कोणात अधिक असतो.

मग स्वभावाचे रूपांतर जीवघेण्या सवयीत कशामुळे होते? मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांचा २००५ मधील प्रयोग येथे महत्त्वाचा ठरतो. संगणकावरील मोटार चालविण्याच्या खेळात किशोरवयीन मुलांनी मित्र सोबत असताना एकटे असतानापेक्षा कितीतरी अधिक धोके पत्करले. प्रौढांमध्ये हा फरक जवळपास दिसला नाही. आज मोबाइलमुळे हे ‘मित्र’ चार-दोन राहिलेले नाहीत, ते हजारोंच्या घरात गेले आहेत. प्रत्येक पसंतीगणिक पुढची कसरत अधिक धोक्याची होते.

कायद्याचा रोख मात्र एकट्या कसरतबाजावर आहे. सूचना देऊनही टपावरून किंवा पायरीवर उभे राहून प्रवास करणाऱ्यांसाठी १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १५६ मध्ये तीन महिन्यांपर्यंत कैद, पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद करण्यात आली. दंडाची पावती मित्रांना दाखवून मिरवता येत असेल, तर तिचा धाक कितीसा राहणार?

अर्थात, दारात लटकणारा प्रत्येक जण थराराच्या शोधात नसतो. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारातून पडून मृत्युमुखी पडलेले प्रवासी गर्दीचे बळी होते. त्यांची आणि कसरतबाजांची गल्लत करणे अन्यायाचे ठरेल. गर्दीवर उपाय जादा गाड्यांचा. थरारावर उपाय वेगळाच हवा.

तो आपल्या सह्याद्रीत आहे. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेचे गिर्यारोहक २०१२ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचले, ते दोर, सराव आणि प्रसंगी माघार घेण्याची शिस्त अंगी बाणवूनच. धोका तेथेही असतो. पण तो मोजून, सोबत्याच्या भरवशावर पत्करला जातो. शाळा-महाविद्यालयांनी ही वाट वस्त्यांमधील मुलांपर्यंत न्यायला हवी. तोवर निदान मित्राच्या कसरतीचे चित्रीकरण करणाऱ्याने हातातला मोबाइल खाली ठेवून त्याला आत ओढावे. हे करण्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.