सर्दी लपवू नका, प्लीज!

पोराचं हर्नियाचं ऑपरेशन गुरुवारी. रजा सँक्शन, आजी-आजोबा हजर... आणि बुधवारी रात्री नाक गळायला लागतं! मग नाक पुसून गुपचूप थिएटरपर्यंत न्यायचं? अजिबात नको. सर्दीत श्वासनलिका चिडलेली असते. भूल देताना स्वरयंत्र अचानक घट्ट मिटू शकतं आणि ऑक्सिजन झपाट्याने उतरतो. हा चिडकेपणा सर्दी गेल्यावरही २ ते ६ आठवडे टिकतो. तान्हं बाळ, दमा किंवा घरात सिगारेट (हो बाबा, तुमचीच!) असेल तर धोका जास्त.

अर्थात प्रत्येक शिंकेला तारीख बदलत नाहीत. लहान मुलांना वर्षात ६-८ वेळा सर्दी होतेच. नाक नुसतं पाण्यासारखं वाहतंय, पोर मजेत खेळतंय, तर भूलतज्ज्ञ अनेकदा हो म्हणतात. ताप, कफाचा खोकला, छातीत घरघर असली की मात्र थांबायचं.

पुण्यात थांबायचं म्हणजे पुढचा एखादा गुरुवार. एटापल्लीत? आलापल्लीमार्गे गडचिरोलीचा जंगलातला लांबलचक रस्ता, बुडालेली मजुरी, आणि परत यायला जमेलच असं नाही. म्हणून पोराला गाडीत बसवण्याआधीच गावात कुणीतरी तपासायला हवं. अशक्य? याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या सुइणींनाही श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. तो अभ्यास १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. हिशेब सोपा आहे: २ महिन्यांपासून वर्षापर्यंत मिनिटाला ५०, पुढे ५ वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे आधी औषध, ऑपरेशन नंतर.