मृत्यूचा निर्णय कोणाच्या अखत्यारीत?

संशयास्पद मृत्यू घडला असता तो अपघात, आत्महत्या की मनुष्यवध, याचा निर्णय देण्याचा अधिकार कॅलिफोर्नियातील बहुसंख्य काउंट्यांत आजही शेरीफकडे आहे. आणि शेरीफ हाच तेथील पोलीस दलाचा व तुरुंगाचा निवडून आलेला मुख्य अंमलदार असल्यामुळे, कोठडीत दगावलेल्या किंवा त्याच्याच शिपायाच्या गोळीने पडलेल्या माणसाचा मृत्यू कोणत्या सदरात नोंदवावा, हेही त्याच्याच दफ्तरात ठरते. शवविच्छेदन करणारा डॉक्टर कारण सांगतो, प्रकार शेरीफ ठरवतो. ही व्यवस्था अक्षम्य आहे.

२०१७च्या अखेरीस सॅन वाकीन काउंटीतील दोन शवचिकित्सकांनी, ज्यांत फुटबॉलपटूंच्या मेंदूविकारावरील संशोधनामुळे विख्यात झालेले डॉ. बेनेट ओमालू होते, शेरीफ आपल्या निष्कर्षांत ढवळाढवळ करतो असा आरोप करून राजीनामे दिले. शेरीफने तो नाकारला. तथापि पुढच्याच वर्षी काउंटीच्या नियामक मंडळाने मेडिकल एक्झामिनरचे, म्हणजे मृत्यूचे कारण व प्रकार ठरवणाऱ्या डॉक्टरचे, खाते शेरीफपासून विभक्त करण्याचा ठराव केला. त्याच वर्षी मोठ्या काउंट्यांसाठी अशाच सुधारणेचे विधेयक विधिमंडळाने संमत केले असता गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी ते नामंजूर केले.

परंतु खाते विभक्त केल्याने काम संपत नाही. ज्या मंडळाने नेमावे त्यानेच मर्जीस येईल तेव्हा बडतर्फ करावे, अशी मुखत्यारी राहिली, तर डॉक्टरचा धनी तेवढा बदलतो. मेरीलँड राज्याने १९३९ साली मेडिकल एक्झामिनरची नेमणूक एका आयोगाकडे सोपवली, ज्यात जॉन्स हॉपकिन्स व मेरीलँड विद्यापीठाचे विकृतिशास्त्र विभागप्रमुख बसतात. पोलीसप्रमुखही तेथे आहे, पण अनेकांतील एक म्हणून. कॅलिफोर्नियाने हाच मार्ग घ्यावा, आणि वर निश्चित मुदत, लेखी कारणांशिवाय बडतर्फी नाही व स्वतंत्र अंदाजपत्रक, एवढी तरतूद कायद्यातच करावी. (मुंबईतील कोरोनरची, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याची, कचेरी १९९९मध्ये बंद होऊन ते काम पोलिसांकडे गेले, तेव्हा आपल्यालाही या प्रश्नाकडे परका म्हणून पाहता येणार नाही.)

लहान काउंटीला असा तज्ज्ञ परवडत नाही, हा आक्षेप खरा आहे, कारण न्यायवैद्यक शवचिकित्सकांची अमेरिकेत फार टंचाई आहे. म्हणूनच अशा चार-पाच काउंट्यांनी मिळून एक कचेरी चालवावी आणि तिचा खर्च राज्याच्या तिजोरीने सोसावा.