भंगाराला एकच रंग नसतो

परवा पिट्सबर्गहून भाच्याने त्याच्या छोट्या आगगाडीचे फोटो पाठवले. गाडी एचओ मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान. त्यात एक गोंडोला, म्हणजे उघडी मालवाघीण, भंगाराने भरलेली. भंगार कसले, विकत आणलेला प्लॅस्टिकचा ठोकळा! वरून खालपर्यंत तपकिरी फासलेला. "मामा, अगदी खरं वाटतं ना?"

नाही बाबा, वाटत नाही. आणि भंगार विकायचे असते, विकत कसले आणतोस?

लोखंड गंजते, पण सगळे एकाच दिवशी गंजत नाही. कारखान्यातली ताजी कात्रणे चकचकीत असतात, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा राखाडी राहतो, जुन्या यंत्राच्या झाकणावर रंगाचे पोपडे टिकून असतात. ढिगातली प्रत्येक वस्तू आधी काहीतरी होती. ते ओळखू येत नसेल तर ती वाघीण मातीची, भंगाराची नव्हे.

दुसरा पंथ याहून वाईट. "खरेच लोखंड घाला" म्हणत लेथचा कीस ओतणारा. अहो, ५ मिलिमीटर रुंदीची साल त्या छोट्या जगात ४३ सेंटिमीटरहून रुंद झाली! शिवाय बारीक कीस रुळांवर सांडला की इंजिनाच्या मोटरीतल्या चुंबकाला जाऊन चिकटतो, नि मग बसा इंजिन उघडून.

मग घालायचे काय? संपलेल्या बॉलपेनची स्प्रिंग घ्या. ४ मिलिमीटरची ती स्प्रिंग तिथे ३५ सेंटिमीटरची होते, थेट वाघिणीच्या चाकाजवळची वाटते. स्टेपलरच्या पिना सरळ केल्या की सळया. गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद चुरगाळून, राखाडी रंगवून, कडांना थोडा गंज लावला की पत्रे. तांब्याची तार मात्र नको. तांब्याला भाव जास्त, भंगारवाला ते आधीच वेगळे काढतो! (थर्माकोलवर डबीतला फवारा रंगही मारू नका, थर्माकोल विरघळतो. हा स्वानुभव.)

आणि ढीग वाघिणीत चिकटवायचा नाही. पुठ्ठ्यावर रचायचा, उचलून काढता येईल असा. भाच्याने नेमका चिकटवलाय. त्याचे भंगार पोलादाच्या कारखान्यात जाते आणि त्याच फेरीत तसेच्या तसे परत येते. भट्टीचे काय नुसते दर्शन घेतले?

हे सगळे त्याला कळवले आहे. उत्तर अजून नाही.