नाकाचा देठ आणि कातडीखालचा नकाशा

१/ कावसजीच्या नाकाची गोष्ट आपल्या गप्पांत वारंवार येते. तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात इंग्रजी फौजेचा हा मराठी गाडीवान टिपूच्या कैदेत सापडला. त्याचे नाक कापले गेले, एक हातही. पुढे पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक बसवले आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'ने तो वृत्तांत सचित्र छापला. 'प्लास्टिक सर्जरी जगाला आपण शिकवली' असे म्हणून आपण येथे थांबतो. माझ्या मते खरी गोष्ट येथून पुढे आहे.

२/ वृत्तांतातील तपशील पाहा. नाकाच्या खुंटावर मेणाचा पातळ पत्रा बसवून आकार घेतला. तोच पत्रा कपाळावर सपाट पसरून भोवती रेघ ओढली. रेघेवरून कातडी सोडवली, पण दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी न कापता राखली. या देठामुळे रक्ताभिसरण टिकते, असे पत्रलेखक सांगतो. कारागिराचे स्वतःचे म्हणणे त्यात नाही. त्याचे नावही नाही.

३/ मेणाने आकार कळतो, रक्ताची वाट कळत नाही. ती वाट कातडी उचलण्यापूर्वी डोळ्यांना दिसावी, ही पुढची दीर्घ धडपड.

४/ स्ट्रासबर्गच्या कार्ल मानशोने १८८९ मध्ये केवळ विच्छेदनाच्या बळावर त्वचेच्या रोहिण्यांचे नकाशे काढले. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि जानेवारी १८९६ मध्येच व्हिएन्नात हाशेक व लिंडेनथाल यांनी छेदलेल्या एका हातात द्रावण भरून त्याच्या रक्तवाहिन्यांचे चित्र घेतले. मार्सेयच्या मिशेल साल्मोंने मृतदेहांच्या रोहिण्यांत शिशाचे संयुग भरून क्ष-किरणांखाली त्वचेचे ऐंशीहून अधिक प्रदेश निश्चित केले. त्याचा ग्रंथ १९३६ चा.

५/ आणि तो कोणी वाचला? इंग्रजी जगाने तरी जवळजवळ नाही. भाषांतर आले १९८८ मध्ये! मधल्या काळात शल्यविशारद लांबी-रुंदीच्या ठोकताळ्यावर विसंबले: लांब तुकडा हवा असेल तर देठ तितका रुंद ठेवा. १९७० मध्ये मिल्टनने डुकरांवरील प्रयोगांतून हा ठोकताळा फोल ठरवला. तुकडा जगतो तो त्याच्या रक्तपुरवठ्यावर. पुण्याच्या कारागिराची अरुंद पट्टी तर १७९४ पासून छापील स्वरूपात समोर होती. ज्ञान छापले म्हणजे टिकले, या आपल्या समजुतीला मी म्हणूनच फारसा मान देत नाही.

६/ चूक महाग झाली ती देठ पूर्ण तोडता येऊ लागला तेव्हा. १९७३ मध्ये मेलबर्नच्या डॅनियल आणि टेलर यांनी जांघेतील कातडी पायावर नेऊन तिच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली तेथील वाहिन्यांना जोडल्या. जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या या वाहिन्या. निवड चुकली, तर उचललेला तुकडा मरतो आणि रुग्णाच्या अंगावर एका जखमेच्या दोन जखमा होतात. इयान टेलर पुन्हा शिसे आणि क्ष-किरण यांकडेच वळला. १९८७ मध्ये त्याने व पामरने शरीराचे रोहिणी-प्रदेश मांडले. साल्मोंच्या इंग्रजी आवृत्तीच्या संपादकांत टेलर होता, हे मला विशेष सुखावते.

७/ तरीही तो नकाशा मृतांचा. जिवंत माणसात स्नायू भेदून त्वचेकडे येणाऱ्या वाहिन्या प्रत्येकाच्या निराळ्या. एकाच पोटाच्या डाव्या-उजव्या बाजूंतही फरक. १९८९ मध्ये जपानच्या कोशिमा आणि सोएदा यांनी पोटाचा स्नायू न घेता अशा वाहिनीवर केवळ कातडी व चरबी उचलून दाखवली. कर्करोगानंतर स्तन पुन्हा घडवताना आज हीच रीत वापरतात. पण नेमकी वाहिनी कोणती? डॉप्लर यंत्र तिचा आवाज ऐकवी. जाडी आणि स्नायूतली वाट नीट दाखवत नसे. २००६ च्या सुमारास स्पेनमधील शल्यविशारदांनी शस्त्रक्रियेपूर्वी सीटी अँजिओग्राफी करण्याची पद्धत मांडली. शिरेतून द्रव्य देऊन, रोहिण्या भरल्या क्षणी पोटाची चित्रे घ्यायची. किरणोत्सर्ग होतो, मूत्रपिंडांना जपावे लागते, खर्च आहेच. पण सर्वोत्तम वाहिनी सुरी लावण्याआधीच ठरते.

८/ मग तिची जागा रुग्णाच्या अंगावर उतरवतात. नाभी हा आरंभबिंदू. तेथून इतके सेंटिमीटर उजवीकडे, इतके खाली. शल्यविशारद हातात पेन घेऊन पोटावर खूण करतो आणि तुकड्याभोवती रेघ ओढतो.