पुणे जवळच आहे!

आमच्या भिंगारच्या एका मुलीने चार वर्षांपूर्वी एम. ए.च्या प्रबंधासाठी विषय निवडला: नगरच्या हातमागावरील लुगडी. मुलगी हुशार, विषय घरचा. तिचा पणजा स्वतः मागावर बसणारा. मार्गदर्शकांनी विषय ऐकला, मान डोलावली आणि सांगितले, "साधने पुण्यालाच मिळतील. पुणे जवळच आहे की!" पोरीने एस्टीने आठ खेपा घातल्या. हाती काय लागले? १८८४ सालचे नगर जिल्ह्याचे गॅझेटियर. त्यातली पाने तिने उतरून घेतली आणि प्रबंध मंजूर झाला. ज्यांच्या आजोबांनी ते माग चालविले ती माणसे तिच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतात. त्यांना भेटावे, त्यांच्या ट्रंकांतल्या जुन्या वह्या पाहाव्यात, हे तिला कोणी सुचविले नाही. मीही सुचविले नाही, हे कबूल केले पाहिजे. मला सारे कळले तेव्हा प्रबंध बांधून तयार होता.

पुणे जवळच आहे! आमच्या शहराचे हे ब्रीदवाक्य होऊन बसले आहे. चांगला डॉक्टर हवा, पुणे जवळच आहे. चांगले पुस्तक हवे, पुणे जवळच आहे. नगराविषयी काही जाणून घ्यायचे आहे, तरीही पुणेच जवळ! एकशेवीस किलोमीटरांचे हे अंतर आमच्या विद्वानांना इतके सोयीचे झाले आहे, की ते अर्ध्यावर आले तर यांची उरलीसुरली कामेही बंद पडतील.

एक काळ असा होता की हा रस्ता उलटा वाहत होता. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरात ठाणे दिले. १८३९ साली सिंथिया फॅरार ही बाई येथे आली आणि मुलींच्या शाळा चालवू लागली. त्या शाळा पाहायला पुण्याहून कोण आले? जोतीराव फुले, आपले मित्र सदाशिवराव गोवंडे यांच्याबरोबर. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली, तिची ठिणगी नगरची होती. आणि सावित्रीबाईंनी शिकविण्याचे शिक्षण घेतले तेही नगरास, फॅरारबाईंच्या हाताखाली. तेव्हा पुण्यातले कोणी म्हणाले असेल काय, की "जाऊ द्या, नगर जवळच आहे"? 'ज्ञानोदय' १८४२ साली येथेच निघाला. जिल्हा वाचनालय १८३८ सालचे, म्हणजे मुंबई विद्यापीठाहून एकोणीस वर्षांनी वडील. ही जंत्री आमच्याकडे प्रत्येक समारंभात पाठ म्हटली जाते. पाठ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या वाचनालयातून गेल्या वर्षभरात एक पुस्तक घरी नेले, हे मात्र कोणी विचारू नये. हार घालणाऱ्याला वाचण्याची सक्ती नसते.

यावर ठरलेले उत्तर असे, की ते दिवस वेगळे होते, मिशनपाशी पैसा होता, आम्हांस सरकार अनुदान देत नाही. ठीक आहे. भिंगारहून नगरात जाताना वाटेवर भुईकोट किल्ला लागतो. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसच्या कार्यकारिणीतील मंडळी येथे डांबली गेली. अनुदान नाही, विद्यापीठ नाही, बाहेर पडण्याची सोय नाही. त्याच भिंतींआड एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहून काढले. मौलाना आझादांनी 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रे लिहिली. नेहरूंनी प्रस्तावनेत सोबतच्या बंदिवानांचे ऋण मान्य केले आहे. त्यांच्याशी झालेल्या चर्चांवर ते पुस्तक पोसले. म्हणजे त्या किल्ल्यात कैद्यांनी जे चालविले ते एक संशोधन-मंदिरच होते. आणि आम्ही मोकळे लोक, पुण्याची बस धरतो.

आता आमच्याकडे काहीच नाही असे मी म्हणत नाही. डॉ. भा. पां. हिवाळे यांनी १९४७ साली स्थापिलेले अहमदनगर कॉलेज आहे. राहुरीस १९६८ पासून कृषी विद्यापीठ आहे. ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे, ते काही हट्टी माणसांच्या हट्टावर उभे राहिले आहे. लष्कराच्या वाहनांवर संशोधन करणारी मोठी सरकारी प्रयोगशाळा आहे, रणगाड्यांचे संग्रहालय आहे. तेथे प्रत्येक रणगाड्याची हकीकत पाटीवर लिहिलेली आहे. भिंगारच्या विणकराची कोठे लिहिली आहे?

आणि निजामशाहीचे काय? १४९० साली भिंगार गावाजवळच मलिक अहमदाने बहमनी फौज मोडली आणि पुढे त्या जागी शहर वसविले. त्या दरबारातले 'तारीफ-इ-हुसेनशाही' हे सचित्र फारसी काव्य आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. मंडळाने ते जपले म्हणून ते उरले; दोष मंडळाचा नव्हे. प्रश्न असा, की उद्या ते नगरास परत आणले तर ते कोण वाचणार? १७०७ साली औरंगजेब भिंगारला मेला, एवढ्या एका वाक्यावर आमच्याकडे चौकाचौकांत घसे कोरडे होतात; पण त्या काळचा एखादा फारसी कागद वाचता येईल, किंवा पेशवाईतले मोडी पत्र न अडखळता लावता येईल, असे किती जण त्या चौकात निघतील? इतिहासावर भांडायला लिपी लागत नाही, हे खरे.

दरम्यान शहरात 'अभ्यासिका' निघाल्या आहेत. महिन्याचे भाडे भरले की खुर्ची, दिवा आणि पंखा मिळतो. पुस्तक आपले आपण आणायचे, आणि ते बहुधा स्पर्धापरीक्षेचे गाइड असते. त्या खुर्च्यांवर बसलेल्या पोरांची मी थट्टा करणार नाही. दुष्काळी तालुक्यांतून आलेली ती मुले आहेत, घरी पाठविण्यासाठी त्यांना पगार हवा आहे. राग येतो तो या खोल्यांना 'ग्रंथालय' म्हणून फीत कापणाऱ्यांचा. १९६७ साली महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला तो भाड्याच्या खुर्च्यांसाठी खास नव्हे.

मागणी अगदी लहान आहे. नगर-भिंगारच्या प्रत्येक कॉलेजने ठरवावे, की पदव्युत्तर वर्गातला निदान एक विद्यार्थी दरवर्षी आपल्या गावावर, मराठीत, माणसांना भेटून आणि कागद पाहून लिहील. त्याची एक प्रत जिल्हा वाचनालयात ठेवली जाईल. मोडीचा वर्ग रविवारी शाळेच्या एका खोलीत चालेल. याला लागतात फळा, खडू आणि एक चिकट मास्तर. एका संस्थेच्या चालकांपुढे मी ही गोष्ट मांडली. त्यांनी चहा पाजला आणि विचारले, "पण याचा नॅकला उपयोग काय?"

गेल्या भाद्रपदात पुण्याहून एक तरुण संशोधक माझ्या दारी आला. त्याला नगरच्या विणकरांच्या घरांचा पत्ता हवा होता, आणि वाट दाखवायला कोणी जाणते माणूस. मी त्या मुलीचे नाव सांगितले. ती आता एका बँकेत नोकरीला आहे, पुण्यातच.