बर्मिंगहॅमचे देणे कोणी फेडावे?

शाळेतील मुलांसाठी रोजचे अन्न रांधणाऱ्या, वृद्धांच्या घरी जाऊन त्यांची शुश्रूषा करणाऱ्या आणि कचेऱ्यांच्या फरशा पुसणाऱ्या स्त्रियांना, त्याच श्रेणीचे काम करणाऱ्या पुरुषांना मिळणारा बोनस वर्षानुवर्षे नाकारून ज्या नगराने आपला जमाखर्च जुळवीत नेला, त्या नगरावर एके दिवशी त्या थकलेल्या वेतनाचा बोजा येऊन पडावा, हे न्यायाला धरूनच झाले. परंतु तो बोजा वाहण्यासाठी ज्यांची घरपट्टी दोन वर्षांत सहाव्या हिश्श्याहून अधिक वाढली, ज्यांच्या वस्तीतील युवककेंद्रांना आणि ग्रंथालयांना कात्री लागली आणि ज्यांच्या दारातील कचरा आठवडेच्या आठवडे कुजत पडला, ते लोक बहुतांशी त्याच स्त्रियांचे शेजारी, त्यांचीच मुले आणि पुष्कळदा त्या स्वतःच असाव्यात, ही गोष्ट ज्या राज्यव्यवस्थेत घडते तिच्या मुळाशी काही गंभीर दोष आहे, असे मला वाटते. त्या दोषाचे खापर बर्मिंगहॅममधील एखाद्या पक्षावर किंवा एखाद्या जमातीवर फोडून मोकळे होण्याची जी वहिवाट पडली आहे, ती मला मान्य नाही.

वस्तुस्थिती थोडक्यात अशी. 2012 च्या ऑक्टोबरात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने बर्मिंगहॅम महापालिकेच्या 174 माजी कर्मचाऱ्यांना, ज्यांत बहुतेक स्त्रियाच होत्या, समान वेतनाची फिर्याद दिवाणी न्यायालयात मांडण्याची मुभा दिली. तेथे जुन्या थकबाकीसाठी सहा वर्षांची मुदत असल्यामुळे हजारो दाव्यांची वाट मोकळी झाली. पुढील दहा-अकरा वर्षांत महापालिकेने या दाव्यांपोटी सुमारे 110 कोटी पौंड मोजले, आणि 2015 मध्ये त्यासाठी आपले प्रसिद्ध राष्ट्रीय प्रदर्शन केंद्र 30 कोटी 70 लाख पौंडांना विकून टाकले. इतके करूनही मूळ रोग कायम राहिला. आणखी 76 कोटी पौंडांपर्यंत देणे निघेल असा अंदाज 2023 मध्ये जाहीर झाला आणि 5 सप्टेंबर रोजी कायद्याच्या कलम 114 अन्वये नोटीस निघाली. ब्रिटनमधील महापालिकेचे व्यापाऱ्यासारखे दिवाळे निघू शकत नाही. परंतु या नोटिशीनंतर कायद्याने बंधनकारक असलेल्या कामांपलीकडे एक पैही नव्याने खर्च करता येत नाही. हिशेबाची जी नवी संगणकप्रणाली 2022 च्या एप्रिलमध्ये सुरू झाली, ती धड न चालल्यामुळे महापालिकेला आपल्या तिजोरीची नेमकी स्थितीही सांगता येईना. देण्याचा तो आकडा फार फुगवलेला होता, असे पुढे शेफील्ड विद्यापीठातील अभ्यासकांनी मांडले. ते खरे असेल तर एका अंदाजाच्या आधारे सुमारे साडेअकरा लाख लोकसंख्येच्या नगराचा कारभार उलथून टाकला गेला, असे म्हणावे लागेल.

या प्रकरणातील सर्वांत दुःखद पर्व सफाई कामगारांच्या संपाचे आहे. पूर्वी ज्यांना बोनस मिळत होता ते पुरुष म्हणजे प्रामुख्याने हेच कामगार. 2017 मध्येही त्यांच्या एका पदाचे उच्चाटन करण्यावरून संप पेटला, आणि त्याच्या हाताळणीवरून महापालिकेचे नेते जॉन क्लॅन्सी यांना पद सोडावे लागले. त्या वेळी झालेल्या तडजोडीने वेतनातील विषमता मात्र जिवंतच ठेवली. 2025 मध्ये महापालिकेने कचरागाडीवरील दुसरे एक पद, समान वेतनाचे नवे दावे उद्भवू नयेत या कारणास्तव, रद्द केले. 11 मार्चपासून युनाइट या कामगार संघटनेचा बेमुदत संप सुरू झाला. महिनाअखेरीस महापालिकेने आणीबाणीसदृश स्थिती जाहीर केली तेव्हा रस्त्यांवर सुमारे 17,000 टन कचरा साठला होता. ज्यांच्या घराला मोठे आवार आहे आणि कचरा स्वतः वाहून नेण्यासाठी मोटार आहे त्यांना हा काळ गैरसोयीचा गेला. परंतु स्मॉल हीथ, स्पार्कहिल यांसारख्या, भिंतीला भिंत लागून घरे असलेल्या दाट वस्त्यांतील लोकांना पिशव्यांचे ढीग आणि उंदीर यांच्या संगतीत दिवस काढावे लागले.

येथे मला स्पष्ट बोलले पाहिजे. स्त्रियांचे वेतन वर आणण्याऐवजी पुरुषांचे वेतन खाली ओढून जी समानता साधली जाते, तिला समानता म्हणण्यास माझे मन धजत नाही. आणि तरीही त्या पुरुषांच्या संघटनांनी पूर्वी स्वयंपाकघरातील भगिनींच्या हक्कासाठी तेवढाच निर्धार दाखविला असता, तर आज ही पाळी आली नसती, हेही तितकेच खरे आहे. गाडीवरचा मनुष्य दरमहा शेकडो पौंड गमावण्याच्या भीतीने संपावर उभा राहिला, तर ज्या स्त्रीने वीस वर्षे कमी पगारावर काम केले ती आपली थकबाकी मागत होती. या दोघांना एकमेकांसमोर वैरी म्हणून उभे करणे हे सर्वांत मोठे पाप आहे.

पक्षांचे वाद मी ऐकले आहेत. हुजूर पक्ष म्हणतो की 2012 पासून महापालिकेत मजूर पक्षाचा अंमल होता, तेव्हा दोष त्याचाच. मजूर पक्ष म्हणतो की 2010 नंतर केंद्रातील हुजूर सरकारने अनुदाने तोडली म्हणून नगर कोसळले. दोघांच्याही म्हणण्यात सत्याचा अंश आहे, आणि दोघेही उरलेले सत्य गिळतात. 2004 ते 2012 या काळात हुजूर आणि लिबरल डेमोक्रॅट पक्षांची आघाडी सत्तेवर होती आणि वेतनातील अन्याय तेव्हाही चालूच होता. उलट गरीब नगरे अनुदानावर अधिक अवलंबून असल्याने कपातीचा घाव त्यांच्यावरच खोल बसला, हेही नाकारता येणार नाही. 2018 मध्ये अशीच नोटीस काढणारी नॉर्थॅम्प्टनशायरची परिषद हुजूर पक्षाची होती, 2023 मध्ये ती काढणारी नॉटिंगहॅमची मजूर पक्षाची.

ज्या नगराची ही अवस्था झाली त्याने एके काळी सर्व इंग्लंडला नगरकारभाराचा धडा घालून दिला होता. जोसेफ चेंबरलेन 1873 ते 1876 या काळात तेथे महापौर होते. त्यांच्या कारकिर्दीत महापालिकेने गॅस कंपन्या आणि पाणीपुरवठा विकत घेतला, घाणेरड्या वस्त्या पाडून नवा रस्ता काढण्याची योजना आखली; गॅसखात्याच्या नफ्यातून पुढे 1885 मध्ये कलासंग्रहालयाची इमारत उभी राहिली. वसाहतमंत्री म्हणून चेंबरलेन यांनी पुढे जे केले त्याचे कौतुक करण्याचे आपल्याला काहीच कारण नाही. तथापि नगराच्या उत्पन्नावर नगराची मुखत्यारी असली तर काय घडू शकते, याचे उदाहरण म्हणून ते पर्व ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याच नगराने आपल्या वाद्यवृंदाचे आणि रंगभूमीचे अनुदान 2025-26 पासून पूर्णपणे बंद केले.

आज त्या महापालिकेच्या हाती काय उरले आहे ते पाहा. व्यापारी मालमत्तेवरील कराचा दर 1990 पासून केंद्र सरकार ठरविते. घरपट्टी महापालिका घेते, परंतु ती 1991 च्या एप्रिलमधील घरांच्या किमतींवर आधारलेली आहे. गेल्या तीन दशकांत कोणत्याही पक्षाच्या सरकारला इंग्लंडमध्ये फेरमूल्यांकन करण्याचे धैर्य झाले नाही. त्या घरपट्टीतही 5 टक्क्यांहून अधिक वाढ करायची तर सार्वमत घ्यावे, नाहीतर मंत्र्यांची खास परवानगी मिळवावी. वृद्धांची आणि अपंगांची शुश्रूषा, बेघरांचा निवारा, अनाथ मुलांचे संगोपन ही कर्तव्ये मात्र कायद्याने डोक्यावर आहेत आणि दरवर्षी महाग होत आहेत. खर्च दुसऱ्याने ठरवायचा, उत्पन्नाला दुसऱ्याने लगाम घालायचा आणि शिव्या मात्र नगरसेवकाने खायच्या, अशा सभागृहात कर्तबगार माणसाने का जावे?

आणि सभागृहाची सत्ता अशी पोकळ झाली की राजकारण ओळखीपाळखीच्या आणि नात्यागोत्याच्या आधाराने चालू लागते. बर्मिंगहॅमच्या पाकिस्तानी वस्त्यांतील बिरादरीच्या राजकारणाविषयी इंग्रजी वृत्तपत्रे नाक मुरडून लिहितात. मंगला धरणात गावे बुडाल्यावर मीरपूरहून जे कुटुंबकबिले या नगरातील कारखान्यांत आले, त्यांना नोकरी, घर, शाळा यांसाठी प्रथम आधार मिळाला तो आपल्या माणसांचाच. तो आधार पुढे मतपेटीपर्यंत गेला आणि मजूर पक्षाच्या स्थानिक पुढाऱ्यांनी तो कित्येक वर्षे आनंदाने वापरून घेतला. त्यातून भ्रष्टाचारही निपजला, हे लपविण्याचे कारण नाही: 2004 च्या निवडणुकीत टपाली मतांच्या गैरप्रकारांमुळे ॲस्टन आणि बोर्ड्‌स्ली ग्रीन या प्रभागांचे निकाल निवडणूक न्यायालयाने दुसऱ्या वर्षी रद्द ठरविले. परंतु ज्या मतदाराला पक्षाने केवळ ठरावीक गठ्ठा म्हणून गणले, तो एके दिवशी गठ्ठा सोडतो. 2024 च्या संसदीय निवडणुकीत, गाझातील संहाराने व्यथित झालेल्या मतदारांनी पेरी बार मतदारसंघात मजूर पक्षाच्या जुन्या खासदाराला 507 मतांनी पाडून अपक्ष आयुब खान यांना निवडून दिले. पुष्कळांनी त्यात धार्मिक जातीयता पाहिली. मला त्यात गृहीत धरल्या गेलेल्या नागरिकाचा राग अधिक दिसतो. मे 2023 मध्ये मजूर पक्षाच्याच राष्ट्रीय कार्यकारिणीने हस्तक्षेप करून इयान वॉर्ड यांच्या जागी जॉन कॉटन यांना महापालिकेचे नेतृत्व दिले, तेव्हा मतदारांनीच काय, निवडून आलेल्या नगरसेवकांनीही आपला नेता स्वतः निवडला नव्हता.

या प्रकरणाशी आपला संबंध अगदीच परका नाही. टाटांनी 2008 मध्ये जग्वार लँड रोव्हर घेतल्यापासून पुण्याकडील अभियंत्यांची तिकडे ये-जा वाढली आहे, आणि त्या कंपनीचा कॅसल ब्रॉमिच येथील कारखाना बर्मिंगहॅमच्याच हद्दीत आहे. विद्यापीठांतही मराठी मुले आहेत. भारत राष्ट्रकुलाचा सदस्य असल्यामुळे तेथे रीतसर वास्तव्य करणाऱ्या भारतीय नागरिकाला महापालिकेच्या निवडणुकीत मताधिकार आहे, आणि पुष्कळांना तो ठाऊकही नसतो. दोन-तीन वर्षांसाठी आलो आहोत, आपल्याला काय करायचे आहे, ही वृत्ती मला अयोग्य वाटते; जो घरपट्टी भरतो, ज्याचे मूल तेथील शाळेत जाते, तो त्या नगराचा नागरिकच आहे.

2023 च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने महापालिकेवर पाच वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी आयुक्त नेमले. त्यांचे मानधनही नगरानेच द्यायचे. मार्च 2022 नंतर मुंबईचा कारभार दीर्घकाळ प्रशासकाच्या हाती राहिल्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना या व्यवस्थेचा धोका वेगळा सांगावयास नको. बर्मिंगहॅममध्ये 101 नगरसेवकांचे सभागृह निदान कायम राहिले, एवढाच फरक. सरकारने 2024 मध्ये मोठे साहाय्य दिल्याचे सांगितले जाते, परंतु ते साहाय्य म्हणजे सुमारे 125 कोटी पौंडांपर्यंत कर्ज काढण्याची आणि स्वतःची मालमत्ता विकून चालू खर्च भागविण्याची परवानगी होती. समान वेतनाचा कायदा 1970 मध्ये राष्ट्राच्या संसदेने केला. त्याची अंमलबजावणी झाली नाही हा महापालिकेचा अपराध असला, तरी त्याचे प्रायश्चित्त युवककेंद्रे आणि अपंगांची दिवसशुश्रूषा केंद्रे बंद करून घेणे न्याय्य नाही. त्या 125 कोटी पौंडांतील समान वेतनापोटीचा हिस्सा सरकारने कर्ज म्हणून न ठेवता अनुदानात वर्ग करावा, अशी माझी मागणी आहे. ज्या नगरांनी वेळीच आपले हिशेब चुकते केले त्यांच्यावर त्यामुळे अन्याय होईल, हा आक्षेप खरा आहे. म्हणून त्या अनुदानाला अट असावी की महापालिकेने तपासलेले हिशेब मुदतीत प्रसिद्ध करावेत, त्या हिशेबांत वेतनश्रेणीनिहाय स्त्री-पुरुषांचे उत्पन्न दरवर्षी दाखवावे आणि स्वयंपाकिणी, मदतनीस व सफाई कामगार यांच्या संघटनांना एकाच वेळी, एकाच मेजावर बसवून पुढील वेतनकरार ठरवावा.