बद्द आवाज

बालाघाट शहराजवळच भरवेली आहे. तेथील भूगर्भातील खाण आशियातील मँगॅनीजच्या सर्वांत खोल खाणींत गणली जाते. ती चालविणाऱ्या मॉइल कंपनीची स्थापना १९६२ सालची. मुख्य कार्यालय नागपूरला. १९५६ पर्यंत तर बालाघाट जिल्ह्याचा कारभारही नागपूरच्याच राजधानीतून चाले. तेव्हा हा मुलूख मराठी घरांना परका नाही.

खाणकामात एक जुनी रीत आहे. कामाला हात घालण्यापूर्वी जाणता कामगार सळईने छत ठोकून पाहतो. खणखणीत नाद उठला तर खडक धड. बद्द आवाज आला तर तो सैल झाला असे समजावे. हा आवाज प्रथम ऐकू येतो तो हाताखालच्या माणसाला. प्रश्न एवढाच, की तो वरपर्यंत पोहोचतो काय? पाळी संपत आलेली, माल भरावयाचा राहिलेला, आणि मुकादम 'भित्रा' म्हणून हसेल ही धास्ती. मग मांजराच्या गळ्यात घंटा बांधावी कोणी?

चासनाळा येथील कोळशाच्या खाणीत २७ डिसेंबर १९७५ रोजी पाणी शिरून ३७५ माणसे गेली. खाणीत धोक्याची किंमत काय असते, ते त्या दिवशी देशाला कळले. १९५५ च्या खाण नियमांत पुढे कामगार-निरीक्षक व सुरक्षा समिती यांची तरतूद झाली. संसदेने २०२० साली संमत केलेल्या संहितेने तर जिवाला धोका वाटल्यास तो मालकाच्या व निरीक्षकाच्या कानी घालण्याचा हक्क कामगाराला दिला. पण कायदा हक्क देतो, जीभ देत नाही.

येथे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या प्राध्यापिका एमी एडमंडसन यांचा अनुभव उद्बोधक आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात त्यांनी रुग्णालयांत औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या तुकड्यांत चुका कमी आढळतील ही अपेक्षा, आढळले उलटेच! उलगडा असा, की तेथे चुका अधिक होत नव्हत्या, तर अधिक सांगितल्या जात होत्या. या निर्भयतेला त्यांनी १९९९ च्या निबंधात 'मानसिक सुरक्षितता' म्हटले.

म्हणजे ज्या तुकडीची नोंदवही महिनोन्महिने 'निरंक' असते, तिच्याविषयी वरिष्ठाने निश्चिंत राहू नये; तेथेच सळई हाती घ्यावी.

याने शिस्त ढिली होईल, अशी शंका कोणी घेईल. परंतु शिस्त काम करताना हवी. धोका सांगताना धिटाईच हवी. पानिपतापूर्वी अवजड सरंजाम मागे ठेवावा असे सूरजमल जाट व मल्हारराव होळकर यांनी सुचविले आणि ते मानले गेले नाही, असे बखरी सांगतात. तेथे सांगणारे होते, ऐकणारा नव्हता.

म्हणून सारे वरिष्ठाच्या पहिल्या उत्तरावर अवलंबून आहे. 'कोणी केले?' याआधी 'काय झाले?' असे विचारावे. इशारा खोटा ठरला तरी सांगणाऱ्याला चारचौघांत शाबासकी द्यावी. जाणूनबुजून केलेल्या हयगयीला शासन असावेच. पण कबुलीला शासन झाले, की दुसऱ्या दिवसापासून सगळे 'होय साहेब' म्हणू लागतात.

आणि त्या 'होय साहेब'चा आवाज बद्द असतो, हे ओळखण्याचा कान कचेऱ्यांतून, पेढ्यांतून आणि आपल्या घरांतूनही तयार व्हावयास हवा.